जिभेचा उपास

सगळ्यात आधी एक गोष्ट साफ सांगून टाकतो. मी मौनीबाबा नव्हतो. सिहोऱ्याच्या त्या शेतकऱ्याचा बैल मी शोधून दिला नाही, सराफ्यातल्या कोणाही सोनाराच्या घरी माझ्या कृपेने पाळणा हलला नाही, आणि इंग्रज सरकार उलथवायचा तर माझा मुळीच बेत नव्हता. मी दिवाकर साळवे, जबलपूरच्या एका सरकारी कचेरीतला आवक-जावक कारकून, दोन पिढ्यांचा ख्रिस्ती. मला फक्त माझ्या बायकोचं गुणगुणणं परत पाहिजे होतं.

आता गुणगुणण्यात एवढं काय मोठं, असं वाटेल. मलाही वीस वर्षं तसंच वाटलं. इंदिरा सकाळी चूल पेटवताना सुरू व्हायची. पीठ चाळताना तिचं एक भजन, भाजी चिरताना दुसरं, आणि खलबत्त्यात काही कुटायचं असलं की त्या ठोक्यावर चालणारं तिसरं. भजनं तिच्या वडलांची. ते अमरावतीकडे गावोगाव एकतारी घेऊन प्रभूचं कीर्तन करीत फिरायचे, आणि लग्नात त्यांनी मुलीला सोन्याचं काही दिलं नाही, ही भजनं तेवढी दिली. वरच्या सुराला गेली की इंदिरा दरवेळी त्याच एका जागी जराशी घसरायची. मी दाढी करता करता त्या जागेची वाट पाहायचो. घसरली की मनात म्हणायचो, झालं, आता आठ वाजले.

हे सगळं मी एका विनोदात घालवलं.

मला विनोदाची खोड आहे. मी बोललो की चार लोक हसतात आणि पाचव्याचं तोंड उतरतं. त्या पाचव्याकडे मी कधी पाहिलं नाही, कारण चौघं हसत असताना मान वळवायला फुरसत कोणाला असते? नाताळच्या मेळाव्यात आमच्या देवळाच्या आवारात इंदिरा उभी राहून गायली. दीडशे माणसं बसलेली. ती वरच्या सुराला पोचली, नेहमीच्या जागी घसरली, आणि नेमकी त्याच वेळी गॅसबत्ती मंद झाली. गाणं संपलं. टाळ्यांच्या आधी जी एका क्षणाची शांतता असते ना, त्या शांततेत मी मोठ्याने म्हणालो, "पाहा, बत्तीनेसुद्धा डोळे मिटले. आपल्याला ती सोय नाही, कान मिटता येत नाहीत."

आवार हसून हसून लोटपोट झालं. इंदिराही हसली. पदर सारखा केला, खाली बसली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात गाणं बंद.

भांडली असती तर मी निस्तरलं असतं. भांडणात मी पक्का आहे. पण ती भांडली नाही, रुसली नाही. चहा वेळेवर, डबा वेळेवर, बोलणं नेहमीसारखं. फक्त पीठ चाळलं जाई ते नुसतं चाळलं जाई. मी जानेवारीभर दाढी करताना कान लावून उभा असायचो आणि चाळणीचा खरखर आवाज ऐकायचो. दोनदा गाल कापून घेतला. फेब्रुवारीत एकदा मी स्वतःच तिचं भजन गुणगुणून पाहिलं, की चुकलं तर दुरुस्त करायला तरी तोंड उघडेल. तिने आतून विचारलं की घसा दुखून राहिला काय, आणि काढा आणून दिला. तो मुकाट्याने प्यालो.

मार्चात उपासकाळ लागला. आमच्यात ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस काहीतरी सोडायची रीत आहे. कोणी मटण सोडतं, कोणी गोड सोडतं, कोणी विडी सोडल्याचं सांगतं. उपासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, आमचे पाळक अच्युतराव यांनी जिभेवर प्रवचन केलं. मटण सोडणं सोपं आहे म्हणाले, मेलेल्या बोकडाला त्याचं काही नसतं. जिवंत माणसाला टोचणारा शब्द सोडून दाखवा. मला वाटलं सगळे माझ्याचकडे पाहून राहिले. मागे वळून पाहिलं तर खरोखर माझ्याचकडे पाहून राहिले होते.

तेव्हा मी तिथल्या तिथे ठरवलं: चाळीस दिवस टोचून बोलणं बंद. इंदिरा पाहील, तिची भीती जाईल, आणि ईस्टरपर्यंत पीठ पुन्हा गाण्यावर चाळलं जाईल.

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत मी भाजीवालीला तिच्या भेंडीचं वय विचारलं, कचेरीतल्या नथ्थू चपराशाला तू चालतोस की उगवतोस असं म्हटलं, आणि शेजारच्या बाबारावांच्या नव्या छत्रीबद्दल जे बोललो ते इथे लिहीत नाही. यातलं एकही मी ठरवून बोललो नाही. तोंड उघडलं की काटा आधी बाहेर येई आणि मागून वाक्य. मग माझ्या लक्षात आलं की आपल्याला निवडून बोलणं जमणारं नाही. सगळंच बंद केलं पाहिजे.

बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन एक पाटी आणि पेन्सिल घेतली. पाटी दोरीने गळ्यात अडकवली. पण हाताला तरी वळण कोणाचं? पहिल्याच संध्याकाळी बाबारावांच्या राधाबाईंनी लोणचं आणून दिलं, तर मी पाटीवर आभार लिहायला गेलो आणि लिहिलं काय, की मागच्या सालचं अजून संपलं नाही, कोणी खाल्लंच नाही. बरं झालं, राधाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या पाटीला नमस्कार करून गेल्या. मी घाईने पुसलं आणि पुढे पाटीवर तीनच शब्द ठेवले: हो, नाही, आभारी. रविवार उपासात धरत नाहीत, पण मी माझ्या जिभेला रविवारचीही सुट्टी दिली नाही.

आता हा राधाबाईंचा नमस्कार साधा नव्हता. बाबाराव आमचे नागपूरकडचे, पेन्शनीत निघालेले, देवधर्माचे मोठे जाणकार. ते दुसऱ्या सकाळी आले, मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "काहून साळवे, चाळीस दिवसांचं मौन धरलं म्हणता? अच्छा. मग विधी तरी बरोबर करा." मी पाटीवर 'नाही' लिहिलं. त्यांना वाटलं मी नम्रतेने नाही म्हणून राहिलो. मौनाचे नियम त्यांनी माझ्या ओट्यावर बसून तासभर सांगितले. उत्तरेकडे तोंड करून बसावं, चामड्याचा जोडा घालू नये, आणि मौनात अळणी जेवावं. मीठ पोटात गेलं की मौन फुकट. मी मान हलवत राहिलो, कारण मान हलवल्याशिवाय बाबाराव उठत नाहीत हा दहा वर्षांचा अनुभव. मग ते आत जाऊन इंदिरेलाही सांगून आले. तिला वाटलं मीच सांगितलं, आणि त्या दिवसापासून माझ्या डब्यातलं मीठ गेलं. मीठ का नाही, हे विचारायला तीन शब्दांत काही सोय नव्हती.

पुढच्या आठवड्यात ओट्यावर झेंडूची फुलं दिसू लागली. मग नारळ. दर सकाळी चार-दोन बायका येऊन समोर बसत, आपलं दुखणं सांगत, आणि मी ऐकून घेतलं म्हणून समाधानाने परत जात. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना कसं सांगणार? छातीवर बोटाने क्रूस काढून दाखवला, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका तसंच करून दाखवू लागल्या. आता या बायकांना मी एरवी काय काय बोललो असतो! पण बोलायची सोय नाही म्हणून ऐकत बसलो, आणि ऐकता ऐकता कळलं की बहुतेकांचं दुखणं एकच होतं. कोणीतरी कधीतरी काहीतरी बोललेलं. सासू बोललेली, नवरा बोललेला, एकीला तर तिचा बाप तीस वर्षांपूर्वी बोललेला. शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. बोललेल्यांना यातलं काही आठवतही नसेल. मी खाली मान घालून बसे, आणि त्यांना वाटे बाबा ध्यानात आहेत.

त्यात सिहोऱ्याचा शेतकरी आला. त्याचा बैल हरवला होता. मी वैतागून हात झटकला, म्हणजे, बाबा रे, मला काय माहीत. हात झटकला गेला नर्मदेच्या बाजूला. तो त्या बाजूला गेला आणि बैल सापडला. झालं! त्यानंतर बाबाराव आमच्या ओट्यावर रांग लावायला उभे राहू लागले.

इथवर घरचं. कचेरीत निराळंच शिजत होतं. आवक-जावकच्या कामाला तोंड लागत नाही. मी न बोलल्यामुळे तर टपाल दुप्पट वेगाने निघू लागलं, आणि तिथेच संशय आला. साहेबांनी एकदा बोलावून काही विचारलं. मी पाटी दाखवली. नेमका सोमवार होता. त्या साली मिठाच्या करावरून देशभर चळवळ पेटली होती, आणि चळवळीचे सर्वांत थोर पुढारी दर सोमवारी मौन पाळतात हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. साहेबांनी भुवई वर केली. मग नथ्थूने भर घातली. त्याच्या चालण्यावर मी मारलेल्या शेऱ्याचा राग त्याच्या मनात असणारच. तो आमचे हेडक्लार्क, बडे बाबू शालिग्रामजी, यांना सांगून आला की साळवेबाबूंनी मीठही सोडलंय, आणि घरासमोर रोज माणसं जमतात.

सोमवारी मौन, मीठ बंद, आणि घरासमोर जमाव. मी साहेब असतो तर मीसुद्धा मला पकडलं असतं.

शालिग्रामजी भला माणूस. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाले, "साल्वे जी, छुट्टी बीमारी की होती है, चुप रहने की नहीं. बीमारी लिखवा लाइए." म्हणून मी दवाखान्यात गेलो. तिथला कंपाउंडर शैलेंद्र आमच्याच देवळातला, माझ्या विनोदांचं जुनं गिऱ्हाईक. त्याने डॉक्टरांसमोर माझा जबडा उघडला, आत दिवा धरला, आणि सर्टिफिकेट आणून दिलं की घसा उत्तम, जीभ विशेष उत्तम. ते कचेरीत दिल्यावर लेखी जाब आला: बोलता येत असून न बोलण्याचं कारण काय? मी चार पानी लेखी खुलासा दिला. तो परत आला. वर तांबड्या शाईत शेरा होता की हा मजकूर लेखी चालणार नाही, ईस्टरच्या सुट्टीनंतर समक्ष तोंडी खुलासा करावा. अगर धार्मिक कारण असल्यास धर्मगुरूचा दाखला जोडावा. सतरा वर्षांची नोकरी आता पाळकांच्या एका कागदावर टांगली गेली.

आणि हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं ते? घर आधीपेक्षा शांत झालं होतं. मी बोलायचो तेव्हा निदान इंदिरा उत्तर द्यायची. आता मी बोलेना, तेव्हा तिलाही बोलायला कारण उरेना. दोन माणसांच्या घरात फक्त चाळणी वाजे आणि पाटीवर पेन्सिल. मला तिच्या त्या चुकलेल्या सुराची इतकी आठवण यायची की सांगता सोय नाही. नीट गाणं नकोच, तो घसरलेला सूर एकदा ऐकू यावा, मी दाढीचा ब्रश हातात धरून आयुष्यभर उभा राहायला तयार होतो.

ईस्टरच्या आधीचा रविवार तो झावळ्यांचा; त्याच्या आदल्या दिवशी जेवताना ती अचानक म्हणाली, "तुम्ही बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. वाटतं, आत काहीतरी तयार होऊन राहिलं."

मी पेन्सिल उचलली. पाटीवर हो लिहू, नाही लिहू की आभारी लिहू? तीनही शब्द कुचकामी.

तसाच उठून पाळकांकडे गेलो. अच्युतरावांना कचेरीचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, आणि म्हणाले, "साळवे, प्रभूने मुक्याला बोलता केला. बोलत्याला मुका केल्याचं मला आठवत नाही. असा उपास आपल्यात नाही, आणि आहे असं मी लिहून देणार नाही." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना दया आली असावी. त्यांनी लिहून दिलं की दिवाकर साळवे यांना मी वीस वर्षं ओळखतो आणि ते सरकारला पूर्णपणे निरुपद्रवी आहेत. कागद माझ्या हातात देत म्हणाले की इतरांबद्दल मी लिहिलेलं नाही. त्या निरुपद्रवी शब्दाने मला जे टोचलं ते अजून टोचतं, पण नोकरी मात्र वाचली. साहेब म्हणे तो दाखला वाचून हसले आणि तोंडी खुलासा माफ झाला.

पण त्या दिवशी दाखला हातात पडल्यावरही मी पाळकांकडून उठलो नाही. पाटी पुसली आणि त्या लोणच्यानंतर पहिल्यांदाच पाटीवर तीन शब्दांपलीकडे लिहिलं. नाताळ, बत्ती, गाणं, चाळणी, सगळं. पाटी दोनदा भरली. अच्युतरावांनी वाचलं, आणि म्हणाले की चारचौघांत घेतलं असेल तर चारचौघांत परत करा. घरात कोंडून बसून ते परत होत नाही. ईस्टरच्या सकाळी साक्षीला उभे राहा.

ईस्टरच्या पहाटे आमच्या देवळात उपासना झाल्यावर साक्षी होतात. ज्याला प्रभूने काही दिलं त्याने उभं राहून सांगायचं. मी उभा राहिलो तशी कुजबुज झाली आणि लोक सरसावून बसले. त्यांना वाटलं चाळीस दिवसांचं साठलेलं आता निघणार. इंदिरा बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होती. आवाज वापरात नसल्यामुळे आधी नुसतीच खरखर निघाली. मग मी म्हणालो:

"नाताळात मी इंदिरेच्या गाण्यावर एक विनोद केला. तो चांगला जमला होता, म्हणूनच वाईट झाला."

इथेच पहिलं हसू फुटलं. मी थांबलो. आणि मागच्या बाकावरून शैलेंद्र कंपाउंडरने, अगदी प्रेमाने, माझाच विनोद मोठ्याने म्हणून दाखवला. बत्तीचे डोळे, मिटत नाहीत ते कान, सगळं जसंच्या तसं. एक शब्द विसरला नव्हता. ज्यांनी नाताळात ऐकला नव्हता त्यांना शेजारच्यांनी समजावून सांगितला. पुन्हा सगळे हसले, आणि नाताळापेक्षा जास्त हसले.

मी तिथे उभा होतो. आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून येताना पहिल्यांदा ऐकला. इतका वाईट आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. हसू नका, असं म्हणालो, तर तेही त्यांना विनोदच वाटलं. वीस वर्षं मी त्यांना हेच शिकवलं होतं. मग माझा आवाज फाटला आणि मी कसंबसं बोललो की आमच्या घरात चार महिने झाले, गाणं नाही, मला ते पाहिजे, वरचा सूर चुकतो तोही पाहिजे, तोच पाहिजे. हळूहळू हसू थांबलं. शेवटी फक्त एक म्हातारं खोकत होतं. इंदिरेने मान वर केली नाही. मी खाली बसलो.

टांग्यात ती माझ्या शेजारी बसली होती, हातात ईस्टरची फुलं. बऱ्याच वेळाने, टांगेवाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बत्तीत हवा खरंच कमी होती. मला गाताना दिसत होतं. म्हटलं, विझायच्या आत संपवावं, म्हणून वरचा सूर घाईने घेतला." एवढंच. 

त्यानंतर मी बोलू लागलो. कमी बोलतो, आणि मधेच थांबतो, त्यामुळे लोकांना वाटतं माझी तब्येत बरी नाही. ओट्यावरची रांग मी बोलल्याबरोबर चोवीस तासांत मोडली. बोलणाऱ्या बाबाला नारळ कोण देतो? डब्यात मीठ आलं. नथ्थूची मी माफी मागितली, तर तो घाबरून शालिग्रामजींना सांगायला धावला. गाणं मात्र आलं नाही. एप्रिल गेला. मी वाट पाहायची सोडून दिली होती असं म्हणवत नाही, पण दाढी लवकर आटोपू लागली.

मेच्या मध्यावर, एका रविवारी दुपारी, पाळक मंडळी आमच्याकडे पन्ह्याला यायची होती. इंदिरेने मला बर्फ आणायला पिटाळलं. ऊन म्हणजे काय सांगू! बाजारातून पाच शेर बर्फ भुशात घालून, गोणपाटात बांधून घेऊन आलो. ओट्यावर पाय ठेवला आणि आतून आवाज आला.

खलबत्ता वाजत होता. वेलदोडे कुटत असावी. आणि त्या ठोक्यावर, अगदी हलक्याने, ते तिसरं भजन चाललं होतं.

मी जिथे होतो तिथे उभा राहिलो. दार लोटलेलं होतं. आत गेलो तर थांबेल, हाक मारली तर थांबेल, जोडा वाजला तरी थांबेल. बर्फ हातातच. पाणी गोणपाटातून धोतरावर, धोतरावरून जोड्यात. हात बधिर झाला. कडवं संपलं आणि ती पुन्हा पहिल्यापासून लागली. शेजारून बाबाराव बाहेर आले, मला भर उन्हात पाणी गाळत उभा पाहिला आणि तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी ताबडतोब हात जोडले आणि चवड्यांवर चालत राधाबाईंना सांगायला आत गेले.

वरचा सूर आला. त्याच जागी घसरली. माझे डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मग दार उघडलं. इंदिरा समोर, हातात बत्ता. तिने माझ्याकडे पाहिलं, पायाखालच्या थारोळ्याकडे पाहिलं. गोणपाटात मुठीएवढा तुकडा उरला होता.

"बर्फ?" ती म्हणाली.

जिभेवर उत्तर तयार होतं. फार सुंदर होतं. चार माणसं नक्की हसली असती.

"वितळला," मी म्हणालो.

 किती वेळ मी तिथे होतो याचा हिशोब त्या थारोळ्यावरूनच तिला लागला असावा. मग म्हणाली की दुसरा घेऊन या, मंडळी यायची वेळ झाली. आत गेली. मी पायऱ्या उतरलो. दोन पावलं गेलो असेन, तोच मागून खलबत्ता पुन्हा वाजू लागला, आणि गाणंही. दार तिने लोटून घेतलं नव्हतं.